तापीकाठचा पाऊस, पीक आणि वस्ती



खानदेशातील कोणत्याही जुन्या गावात गेलात तर धाब्याची घरे अजून दिसतात. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर काटक्या व पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी आतली खोली थंड राहते, धाब्यावर वाळवणे घालता येतात आणि रात्री अंथरूणही तेथेच पडते. हेच घर कोकणात बांधले तर अडीच-तीन हजार मि.मी. पावसात त्याला पहिला श्रावणही निभावणार नाही. दोन्हीकडची माणसे हुशारच. पाऊस वेगळा म्हणून छप्पर वेगळे. छपराचे जे आहे तेच भाकरीचे. बाजरी, काळ्या जमिनीतील ओलाव्यावर येणारी दादर, उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी, हे आपले अन्न खानदेशच्या हवामानातूनच आले आहे.

इतिहासाचा विषय शेतीच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, गेल्या चार हजार वर्षांत तापीचे खोरे एकापेक्षा जास्त वेळा वसले, ओस पडले आणि पुन्हा वसले. बहुतेक वेळी पाऊस कमी झालेला होता हे खरे. पण पाऊस कमी झाला म्हणून प्रत्येक वेळी गाव उठले नाही. काही दुष्काळ लोकांनी पचविले, काहींनी लोकांना गिळले. हा फरक कशाने पडला, हे समजून घेणे विहिरीवर केळी आणि कोरडवाहू कपाशी घेणाऱ्या आजच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे.

आपल्या भागाचे हवामान

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री आणि मध्ये तापीचे रुंद खोरे अशी आपली रचना आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर बरेचसे रिकामे होऊन मग आपल्याकडे येतात. त्यामुळे नवापूरकडे हजार मि.मी.च्या वर पाऊस पडतो, तर धुळे व शिंदखेड्याच्या पट्ट्यात वार्षिक सरासरी ६०० मि.मी.च्या आतबाहेर राहते. जळगावकडे ती सुमारे ७०० मि.मी. आहे. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

सरासरी हा आकडा मात्र फसवा असतो. ७०० मि.मी. पाऊस ४५ दिवसांत विभागून पडला तर कपाशी, मूग, ज्वारी सर्व साधते. तोच पाऊस १५ दिवसांत कोसळला आणि मध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली तर नोंदवहीत सरासरी पूर्ण होते व शेतात पीक जाते. आपल्या पूर्वजांना पर्जन्यमापक माहीत नव्हता, पण ही उघडीप चांगली माहीत होती. त्यांच्या पेरणीच्या चालीरीती, मिश्र पिके आणि धान्याची पेवे ही सर्व त्या उघडिपीसाठीच होती.

तापीकाठचे पहिले शेतकरी

तांब्याची व दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरणाऱ्या लोकांच्या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. आपल्याकडील सर्वांत जुनी शेतकरी गावे याच काळातील आहेत. तापीकाठच्या सावळदा या गावावरून एका संस्कृतीला 'सावळदा संस्कृती' असे नाव मिळाले असून तिचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व २००० च्या मागे-पुढे धरला जातो. गोमाई व तापीच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये उत्खनन झाले. हे गाव तेव्हा पश्चिम खानदेशात होते, आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. चाळीसगाव तालुक्यातील गिरणाकाठच्या बहाळ येथेही १९५० च्या दशकात उत्खनन झाले. साक्री तालुक्यातील कवठे येथेही सावळदा काळातील वस्ती सापडली आहे.

ही सर्व गावे नदीकाठी आहेत हे आपल्या लक्षात आले असेल. त्या लोकांकडे लोखंडाचा फाळ नव्हता. खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकटते. ती लाकडी अवजाराने फोडणे कठीण. नदीकाठची गाळाची भुसभुशीत जमीन त्यांना परवडत होती. म्हणजे जमीन भरपूर असूनही त्यांच्या हाताशी आलेला पट्टा अरुंदच होता. या अरुंद पट्ट्यावर त्यांची सर्व मदार होती.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास तापी व गोदावरी खोऱ्यांतील अशी बरीच गावे ओस पडली. प्रकाशे येथे ताम्रपाषाण वस्तीचा थर संपल्यावर काही काळ वस्तीचा मागमूस नाही. पुढचे लोक आले ते लोखंड घेऊन. मधल्या काळात त्या पांढरीवर कोणी चूल पेटविली नाही.

नेमके काय घडले, याचा तपशीलवार पुरावा मात्र आपल्या खोऱ्यात नसून पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांचे हे काम भारतीय पुरातत्त्वात फार मोलाचे मानले जाते. इनामगावची वस्ती इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे टिकली. तेथील लोक प्रामुख्याने जव पिकवीत. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ होते. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी चर खोदला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. गावाच्या मध्यभागी पाच दालनांचे मोठे घर आणि त्याच्याशेजारी धान्याचे कोठार सापडले. हे गावप्रमुखाचे घर असावे व कोठारात गावाचे धान्य साठत असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

इ. स. पूर्व १००० नंतर मात्र तेथील चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. गहू-जवाचे प्रमाण घटते आणि हरणासारख्या रानातील जनावरांची हाडे वाढतात. शेतीवरचे लोक अर्धे शिकारीवर आले. अशाच तऱ्हेने तीनशे वर्षे काढून इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास तेही गाव उठले.

ढवळीकरांनी याचे मुख्य कारण वाढती कोरडी हवा हे दिले. ते बराच काळ सर्वमान्य होते. परंतु २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने इनामगावच्या मानवी सांगाड्यांच्या अभ्यासावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि केवळ पावसावर बोट ठेवण्यास हरकत घेतली. हा प्रदेश आधीपासूनच अर्धकोरडा होता. त्यामुळे लोकसंख्या, जमिनीचा वापर व अन्न मिळविण्याच्या पद्धती हे सर्व एकत्र पाहावे लागते, असा त्यांचा रोख आहे. मला स्वतःला हे म्हणणे जास्त पटते. कृषिविद्येत आपण नेहमी पाहतो की, ताण एकाच कारणाने क्वचितच येतो. त्याच शिवारात, त्याच उघडिपीत एकाची कपाशी सुकते आणि शेजारच्याची टिकते. पाऊस दोघांना सारखाच. जमिनीची खोली, सेंद्रिय कर्ब आणि पेरणीची तारीख वेगळी.

जगाच्या इतर भागांतही अशा घटना घडल्या आहेत. इ. स. पूर्व २२०० च्या सुमारास मोठ्या भूभागावर कोरडा काळ आल्याच्या खुणा सापडतात. मेघालयातील मावम्लुह गुहेतील चुन्याच्या स्तंभात तो इतका स्पष्ट दिसतो की, २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला 'मेघालयन' हे नाव दिले. सिंधू खोऱ्यातील मोठी शहरे यानंतरच्या काही शतकांत मोडली. लोक नाहीसे झाले नाहीत; ते लहान गावांत पांगले. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर-हडप्पा काळाची वस्ती सापडली आहे, म्हणजे त्या पांगापांगीची एक वाट महाराष्ट्रापर्यंत येते.

दुष्काळ पावसाचा आणि दुष्काळ माणसाचा

लिखित नोंदी असलेल्या काळाकडे आलो म्हणजे पाऊस आणि माणूस यांचा वाटा वेगवेगळा दाखविता येतो. १६३० साली पाऊस गेला. गुजरात, खानदेश व दक्षिणेतील काही भाग होरपळला. पुढच्या वर्षीही पिके हाती लागली नाहीत. त्या वेळी बादशहा शाहजहान सैन्यासह बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरमध्ये सुरतेहून आग्र्यास निघाला. त्याची वाट नंदुरबार, बऱ्हाणपूर अशी आपल्याच मुलखातून जात होती. वाटेत उपाशी मेलेली माणसे पडलेली त्याने पाहिली. त्याच प्रवासात त्याला धान्याने लादलेल्या हजारो बैलांचे बंजाऱ्यांचे तांडेही भेटले. ते धान्य बऱ्हाणपूरच्या छावणीकडे चालले होते. रस्ता एकच होता आणि धान्यही त्यावरून जात होते, मात्र ते गावाला मिळणार नव्हते.

दुसरे उदाहरण १८०२ ते १८०४ चे. होळकर-शिंदे संघर्षात फौजांनी खानदेश लुटला, त्यात पावसानेही दगा दिला. बियाणे गेले, बैल गेले, माणसे परागंदा झाली. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा चांगल्या काळ्या जमिनीवर जंगल माजले होते, ओसाड गावांत वाघ फिरत होते आणि हिवतापाने वस्ती टिकू देत नव्हती. यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, पाऊस तर दोन वर्षांत पूर्ववत झाला, पण मुलूख सावरायला कित्येक दशके लागली. पाऊस परत आला तरी त्यासोबत माणूस, बैल आणि बियाणे परत येत नाहीत.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच सुमारास रेल्वेही खानदेशात पोहोचली. कपाशीने ज्वारी-बाजरीची जागा घ्यायला सुरुवात केली. पैसा आला, तशी सावकारीही आली. १८९९-१९०० चा दुष्काळ (गुजरात-राजस्थानात त्याला विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणतात) आला तेव्हा रेल्वेने धान्य आणता येत होते. पण हातात पैसा नसलेल्यास त्याचा उपयोग नव्हता. वैरण तर रेल्वेने पुरेशी आणणे शक्यच नव्हते. पश्चिम भारतात जनावरे मोठ्या संख्येने दगावली आणि पुढच्या वर्षी पाऊस पडूनही औताला बैल राहिले नाहीत.

याच्या उलट १९७२ आठवा. १९७० पासून लागोपाठ पाऊस कमी होत गेला आणि १९७२ मध्ये महाराष्ट्राचा मोठा भाग कोरडा गेला. वाचकांपैकी ज्येष्ठांना परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी आठवत असेल. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे लाखो हातांना मिळाली. वि. स. पागे यांच्या विचारातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. हाल झाले, जनावरे विकली गेली, परंतु पूर्वीसारखी गावेच्या गावे मृत्यूने रिकामी झाली नाहीत. पाऊस १८९९ प्रमाणेच रुसला होता. मधल्या काळात व्यवस्था बदलली होती.

फड पद्धती: टंचाई वाटून घेण्याची युक्ती

आता ज्या गोष्टीचा खानदेशाने अभिमान बाळगावा तिच्याकडे वळू. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवर, तसेच बागलाणातील मोसम व आराम नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली फड पद्धती आहे. ती येथेच का रुजली याचे उत्तर हवामानात आहे. या नद्या सह्याद्रीच्या भरपूर पावसात उगम पावतात आणि कमी पावसाच्या सपाटीकडे वाहतात. डोंगरावर पडलेला पाऊस नदी आपल्या दारात आणून सोडते. तो अडविण्यासाठी नदीच्या पात्रात खडक पाहून दगडी बंधारा घालायचा आणि उताराने पाट काढायचा, एवढेच स्थापत्य. खरी करामत वाटपात आहे.

बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे सर्वसाधारणपणे तीन किंवा चार मोठे भाग करतात. त्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक. समजा, एका फडात ऊस, दुसऱ्यात रब्बीचा गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात खरिपाचे हंगामी पीक आणि चौथा पडीक. पुढच्या वर्षी पिके फडांतून फिरतात. शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेले असतात. त्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी पंचांनी एखादा फड भिजवायचा नाही असे ठरविले तर त्याचा तोटा एकट्या-दुकट्याच्या माथी बसत नाही. ऊसवाल्याचा मळा हिरवा आणि टोकाच्या शेतकऱ्याचा कोरडा, हा आज कालव्यावर नेहमी दिसणारा प्रकार येथे मुळातच टळतो.

पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि पिकाच्या राखणीला जागल्या अशी माणसे गावानेच नेमायची व त्यांना पिकातील हिस्सा द्यायचा. पाट दुरुस्तीला ज्याच्या-त्याच्या जमिनीच्या मानाने श्रम द्यायचे. पाणी रात्री कोणाच्या शेतात जाते हे पाहायला सरकारी माणूस लागत नव्हता.

या पद्धतीचे कौतुक करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जमीन नसणाऱ्याला त्यात वाटा नव्हता. आपल्या तुकड्यात आपल्या मनाचे पीक घेता येत नाही, हे तरुण शेतकऱ्याला जाचक वाटते. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, काठावर विहिरी व मोटारी वाढल्या आणि नदीचा उन्हाळी प्रवाह आटला. मग अनेक फड मोडले. तरीही शिल्लक असलेले फड एकदा जाऊन अवश्य पाहावेत. दुष्काळी वर्षात कोणाचे पीक सोडायचे हा सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी दुष्काळ येण्यापूर्वीच सोडवून ठेवला होता.

शेजारच्या बऱ्हाणपुरातही असेच एक काम आहे. अब्दुल रहीम खानखानान याच्या सुभेदारीत १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालून बोगद्याने शहरात आणण्यात आले. ओळीने असलेल्या विहिरींसारख्या कुंड्यांमुळे त्याला कुंडी भंडारा म्हणतात. उताराच्या बळावर पाणी वाहते. मोट नाही, मोटार नाही. मुरते तेवढेच पाणी वाहून येते, त्यापेक्षा जास्त उपसणे त्या रचनेत शक्यच नाही.

आजचा हिशेब

हा मुद्दा यावल, रावेर, चोपड्याच्या बागायतदारांनी विशेष लक्षात घ्यावा. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू व मातीचा जो पट्टा आहे त्यास बझाडा म्हणतात. डोंगरावरचे पाणी येथेच जमिनीत शिरते आणि खाली तापीकाठच्या विहिरींना मिळते. जळगावची केळी उभी आहे ती या साठ्यावर.

साधे गणित करून पाहू. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. ७०० मि.मी. म्हणजे हेक्टरी ७० लाख लिटर. तेही सर्वच्या सर्व मुरले तर. प्रत्यक्षात बरेच वाहून जाते, बरेच वाफ होऊन उडते. केळीला सुमारे १८०० मि.मी., म्हणजे हेक्टरी १ कोटी ८० लाख लिटर पाणी लागते असे धरतात. ठिबक संचाने यातील एक तृतीयांश किंवा त्याहून थोडे अधिक वाचले तरी आपल्या हेक्टरवर पडलेल्या पावसात ती बाग भागत नाही. उरलेले पाणी दुसऱ्याच्या शिवारात किंवा मागील वर्षांत मुरलेले असते. ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र केळीखाली आणले तर विहिरीच्या दृष्टीने बचत शून्य होते, हेही येथे सांगणे भाग आहे. एप्रिल-मेच्या उष्ण वाऱ्यासाठी आपण बागेभोवती शेवरी लावतो, थंडीत रात्रीचे पाणी देतो. पण पाण्याच्या तळासाठी अशी कोणतीच आडोशाची सोय बहुतेकांनी केलेली नाही.

पावसाची तऱ्हाही बदलत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कमी दिवसांत जास्त पाऊस म्हणजे वाहून जाणे अधिक, मुरणे कमी. प्रशांत महासागराचे पाणी तापते त्या एल निनोच्या वर्षी आपला पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. १९७२ आणि २०१५ ही तशीच वर्षे होती. मात्र १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. तेव्हा एल निनोची बातमी ऐकून पेरणी सोडून देऊ नये; उशिरा पेरणीसाठी बाजरी, तूर यांचे बियाणे घरात ठेवावे आणि सर्व क्षेत्र एकाच पिकाखाली टाकू नये. कोरडवाहू कपाशीत तुरीच्या ओळी, हलक्या व बरड जमिनीत बाजरी आणि खोल काळ्या जमिनीच्या एका तुकड्यावर रब्बीत दादर ठेवल्यास धान्यासोबत कडबाही हाती राहतो. १८९९ मध्ये बैल गेले ते कडब्याअभावीच.

विहिरीचे माप घेण्याची सवय यंदापासूनच लावावी. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली दिवाळीच्या सुमारास एकदा आणि आखाजीला एकदा मोजावी व वहीत तारखेसह लिहावी. दिवाळीची पातळी मागील वर्षापेक्षा खाली असेल तर त्या वर्षी केळीची नवीन लागवड त्या प्रमाणात कमी करावी. शेजारच्या आठ-दहा विहिरींची मापे एकत्र लिहिली गेल्यास त्या शिवारातील पाणी कोणत्या बाजूने घटते आहे हेही कळते. नालाबांध किंवा पुनर्भरणाची जागा ठरविताना ही वही गावाच्या फार उपयोगी पडेल.